बोटाचा आकडा, मनगटाचा आकडा

पद्माबाई खंदारे सकाळी उठल्या की आधी डोकं दोन्ही हातांनी धरून बसायच्या. कवटीच्या आत कुणीतरी वरवंटा फिरवतंय असं वाटायचं. दहा-अकरा वाजले की ते हळूहळू उतरायचं. दिवसा मात्र झोप पाठ सोडायची नाही. निवडायला घेतलेल्या डाळीत हात तसाच राहायचा आणि मान छातीवर पडायची. शेजारच्या बाया हसायच्या. "पद्माबाईला म्हातारपणी सुख लागलं बगा," म्हणायच्या.

सुख कसलं! अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला अंगणातून न्हाणीपर्यंत जाताना मधे एकदा भिंतीला टेकावं लागत होतं.

कुरुंद्याच्या अलीकडं मुलांचं एक वसतिगृह होतं. तिथं त्यांनी अठ्ठावीस वर्षं स्वयंपाक केला. साठ पोरांच्या दोन वेळच्या भाकरी. पत्र्याची खोली, तीन चुली, जळणाला कापसाच्या पळाट्या नाहीतर तुरीच्या तुराट्या. खिडकी एकच होती, आणि पावसाचं पाणी आत येतं म्हणून तीही पोतं कोंबून बुजवलेली. विडी-तंबाखूला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. पण गावातल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली तेव्हा पहिला प्रश्न तोच विचारला होता, "किती वर्षं ओढता?" उत्तर त्यांच्या नवऱ्यानं दिलं. "छे! ती कुठली ओढते? तिला थोडा दमा आहे, बाकी काही नाही."

नवरा म्हणजे अमृतराव गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. माणूस सरळ होता. बायकोवर कधी हात उगारला नाही की दारूच्या वाटेला गेला नाही. पण पद्माबाईंना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो देणार, हे लग्नापासून ठरल्यासारखं होतं. पाहुण्यांनी "वहिनी, भूक लागली असंल," म्हटलं की गुरुजी म्हणायचे, "नाही, ती उशिराच जेवते." आणि पद्माबाई उशिराच जेवायच्या. वर्गात पोरगं अडखळलं की गुरुजी त्याचं वाक्य पुरं करून द्यायचे, तसंच घरात. पद्माबाईंची कितीतरी वाक्यं अशी त्यांनीच पुरी केली होती.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर पद्माबाईंना ताप भरला. खोकला सुटला. तिसऱ्या दिवशी ओठ जांभळे पडले तसा थोरला प्रमोद घाबरला. तो वसमतच्या डेपोत वाहक होता. त्यानं ड्यूटी टाकली, जीप केली आणि आईला नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात आणलं.

तिथं बोटाला एक चिमटा लावला. डब्यावर लाल आकडा आला, चौऱ्याहत्तर. नर्सनं तोंडावर मास्क धरून भरपूर ऑक्सिजन सोडला. आकडा चढत गेला. पंच्याऐंशी, ब्याण्णव, सत्त्याण्णव. ओठांचा रंग परतला. पद्माबाई शांत झोपल्या. प्रमोदनं हुश्श केलं, आणि गुरुजी खाटेच्या कडेला बसून प्रत्येक येणाऱ्याला सांगू लागले, "सत्त्याण्णव आहे. पास झाली."

पास झालेली बाई मात्र हाक मारली तरी उठेना.

छातीचे डॉक्टर दुपारी आले. विकास राठोड त्यांचं नाव, सेनगावकडच्या तांड्यावर वाढलेला पस्तिशीचा माणूस. त्यांनी पद्माबाईंचा हात उचलला. तळवा गरम होता, बोटं मधूनच पंखासारखी फडफडत होती. त्यांनी मास्क काढून नाकात बारीक नळी लावायला सांगितली, ऑक्सिजन मिनिटाला एक लिटरवर आणला आणि मनगटात टोचायला सुई घेतली.

नेहमीचं रक्त कोपराजवळच्या शिरेतून काढतात, ते फारसं कळतही नाही. हे नाडी लागते त्या धमनीतून काढायचं रक्त. ती सुई आत शिरली तेव्हा पद्माबाई कुठंतरी खोल होत्या, विहिरीच्या तळाला असावं तशा. ती कळ त्यांना तिथवर ऐकू आली. सिरिंज बर्फात ठेवून कुणीतरी शेजारच्या खोलीतल्या मशीनकडं धावलं. थोड्या वेळानं कागदाची एक पट्टी आली. डॉक्टरांनी ती वाचून खिशात घातली.

"अडुसष्ट," ते म्हणाले.

"म्हणजे कमी झाला?" गुरुजी उभेच राहिले. "आत्ता तर सत्त्याण्णव होता!"

"हा तो आकडा नाही, गुरुजी. हा वेगळा."

दोन दिवसांनी पद्माबाई उशीला टेकून बसू लागल्या तेव्हा डॉक्टर खाटेजवळ स्टूल ओढून बसले. "मावशी, कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय तिला," गुरुजी म्हणाले.

"मी मावशीला विचारलं."

पद्माबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, मग डॉक्टरकडं. "सकाळी डोस्कं लय दुखतंय. दोन वर्सं झाली. आन् झोप येती, कवा बी."

"हे कुणाला सांगितलं होतं?"

पद्माबाईंनी पुन्हा नवऱ्याकडं पाहिलं.

मग डॉक्टरांनी समजावलं. श्वासाची दोन कामं असतात. एक, चांगली हवा आत घ्यायची. दुसरं, अंगात तयार झालेला वाईट वायू बाहेर टाकायचा. बोटाचा चिमटा फक्त पहिल्या कामाचं सांगतो. दुसरं काम किती झालं ते त्याला कळतच नाही. ते मनगटातल्या रक्ताला विचारावं लागतं.

"तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. निरोगी माणसाच्या नाडीतल्या रक्तात त्याचा आकडा पस्तीस ते पंचेचाळीस असतो. मावशींचा अडुसष्टवर गेला होता. आज छप्पन्न आहे."

"मंग तो पंचेचाळीसवर येईल का?" प्रमोदनं विचारलं.

"नाही येणार. कितीतरी वर्षांपासून तो पन्नाशीच्या वर असणार. शरीरानं हळूहळू जुळवून घेतलंय. पण अचानक वाढला की रक्तातलं आम्ल वाढतं, आणि मेंदू गुंगतो. डोकं दुखतं, झोप येते, हात फडफडतात. त्याहून वाढला तर माणूस झोपेतच राहतो."

"पण इतका ऑक्सिजन दिला होता की," गुरुजी म्हणाले.

"त्यानंच वाढला. चुलीच्या धुरानं झिजलेल्या अशा फुप्फुसांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की आतली मांडणी बिघडते, श्वासही मंदावतो. वायू कोंडून राहतो. वरून माणूस गुलाबी दिसतो, गाढ झोपलेला दिसतो. घरच्यांना वाटतं, आराम पडला."

पद्माबाई ऐकत होत्या. "धूर भाईर जायला वाट नसली तर चुलीला कितीबी फुका," त्या हळू म्हणाल्या, "खोली भरतच जाती."

डॉक्टर त्यांच्याकडं बघत राहिले. "बराबर मावशी. एवढं तर माझ्या शिकाऊ पोरांनापण लवकर कळत नाही."

घरी जाताना नांदेडहून एक सिलिंडर बरोबर दिला. त्याच्या तोंडाशी काचेची उभी नळी होती, तिच्यात एक गोळी; खाली फिरवायची चावी आणि पाण्याची बाटली, तिच्यातून ऑक्सिजन बुडबुडत यायचा. गोळी जिथं तरंगेल तो आकडा. डॉक्टरांनी बजावलं, गोळी एकवर. दम लागला तरी एकवर. बोटाचा आकडा नव्वदच्या आसपास राहिला तरी बास.

गुरुजींच्या मनात ते बसलं नाही. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाचा आकडा अठ्ठ्याण्णव होता, हे त्यांनी जाता-येता वाचलं होतं. आयुष्यभर पोरांना गुण दिलेला माणूस. शंभरातले नव्वद पुरेत म्हणणारा डॉक्टर त्यांना आळशी वाटला. "सिलिंडर लवकर संपू नये म्हणून म्हणत असंल," ते प्रमोदला म्हणाले. प्रमोदनं नुसतं हूं केलं.

हिवाळा सरला. पद्माबाई मधल्या खोलीत खाटेवर आणि खाटेशेजारी सिलिंडर, असं घर मांडलं गेलं. सिलिंडर संपत आला की प्रमोद भरलेला आणायचा. नाकातली नळी सात-आठ हात लांब होती. त्या नळीएवढं त्यांचं जग. उंबऱ्यापर्यंत जाता यायचं. उंबरा ओलांडला की नळी कानामागं ओढ घ्यायची. पलीकडं लिंबाखाली बाया हळद निवडत बसायच्या, त्यांचं बोलणं अर्धंच ऐकू यायचं. सून राणी सकाळी उठली की आधी गोळी बघायची. ती दहावीपर्यंत शिकलेली. दवाखान्यात डॉक्टर बोलत होते तेव्हा ती पायथ्याशी गुपचूप उभी होती, तिला कुणी मोजलं नव्हतं.

मे महिन्यात राणीच्या चुलत बहिणीचं लग्न निघालं. दोन दिवसांसाठी ती कळमनुरीला गेली. प्रमोद गाडीवर. घरात दोघंच.

त्या दिवशी सकाळपासून वावटळी उठत होत्या. धूळ फटीफटीतून आत येत होती. पद्माबाई नळी काढून न्हाणीत जाऊन आल्या, ती पुन्हा नाकात घालून खाटेच्या काठावर दोन्ही हात रोवून बसल्या. खांदे वर-खाली होत होते. श्वास पुरा आत जायच्या आधीच दुसरा दारात उभा. गुरुजींना ते बघवेना. त्यांनी चावी फिरवली. गोळी एकवरून तीनवर गेली.

पद्माबाईंना खरंच बरं वाटलं. ते खोटं नव्हतं. छातीवरचं ओझं कुणीतरी उचललं.

"बघ," गुरुजी म्हणाले, "काहून उपाशी मारायचं?"

पद्माबाईंना सांगायचं होतं की आता कमी करा. पण बरं वाटत होतं, आणि बरं वाटत असताना तोंडातून ते निघेना. डोळा लागला.

जाग आली तेव्हा उजेड पिवळा झाला होता. डोक्यात वरवंटा फिरू लागला होता. सिलिंडरच्या बाटलीतलं पाणी बुडबुडत होतं, एरवीपेक्षा जोरात. पद्माबाईंना तो आवाज कळला. त्या आवाजाचा अर्थही कळला. आत धूर साठून राहिला. आता मी बोलले पाहिजे. "आवं," त्यांनी म्हटलं. म्हटलं असं त्यांना वाटलं. ओठ हललेच नव्हते. शब्द होते, सगळे होते, पण जिभेपर्यंत यायचा रस्ता लांबत चालला होता.

मग त्यांनी हात उचलला. एवढं जमलं. हात थरथरत सिलिंडरकडं गेला, बोट काचेच्या नळीवर रोखलं.

गुरुजी लगबगीनं उठले. "अजून पाहिजे? देतो, देतो की."

गोळी सहावर गेली. पाणी खळखळून उकळल्यासारखं वाजू लागलं.

पद्माबाईंनी डोळे मोठे केले. ते बघून गुरुजींनी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि प्रेमानं म्हणाले, "झोप आता."

त्यानंतरचं पद्माबाईंना तुकड्या-तुकड्यानं आठवत होतं. कुणीतरी दारात आलं, "कशी आहे वहिनी?" गुरुजींचं उत्तर, "छान झोपली आहे. ओठ बघा कसे लाल." आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर, चार हातांवर नवरा बसलेला, आणि आपण बुडतोय. ओरडायला तोंड नाही. त्यांना राग आला होता, हेही आठवत होतं. मग रागसुद्धा लांब गेला. त्याची भीती त्यांना सगळ्यात जास्त वाटली.

राणी दुसऱ्या दिवशी दुपारी परतली. चप्पल काढता काढताच तिला बाटलीचा आवाज आला. ती धावत आत गेली.

"आत्याबाई! आत्याबाई, मी कोण हाय?"

पापणी हलली, एवढंच. राणीनं हात धरला. गरम, घामेजलेला, बोटं फडफडत असलेली. तिनं चावी फिरवून गोळी एकवर आणली. बंद नाही केली; डॉक्टरनं ते सांगितलं होतं, एकदम बंद केलं तर जीव जाईल.

"ए, काय करून राहिलीस?" गुरुजी उठले. "श्वास तोडतीस का तिचा?" त्यांनी चावीकडं हात नेला.

राणी मधे उभी राहिली. पाच वर्षांत ती सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर सरकू न देता वावरली होती. आता पदर खांद्यावर होता. "मामाजी, हात लावू नका."

"तू मला शिकवतीस?"

"व्हय. जीप आणा आधी. मंग बोला मला काय बोलायचं ते."

गुरुजी चप्पल न घालताच रस्त्याकडं निघाले.

नांदेडपर्यंत राणी सासूच्या गालावर चापट्या मारत, नाव घेत, चिमटे काढत राहिली. झोपू द्यायचं नाही, एवढंच तिला माहीत होतं. दवाखान्यात पुन्हा मनगटाची सुई. पट्टी आली. डॉक्टर राठोडांनी या वेळी ती खिशात घातली नाही, गुरुजींच्या हातात दिली.

"शहाण्णव," गुरुजींनी वाचलं.

"गोळी कितीवर होती?"

"सहावर."

डॉक्टर त्यांना रागावले नाहीत. वेळ नव्हता. ते राणीशी बोलले. चेहऱ्यावर घट्ट मास्क बांधून मशीननं श्वास द्यायचा. दोन तासांत आकडा उतरला तर ठीक, नाहीतर घशात नळी घालावी लागेल, आणि अशी फुप्फुसं असलेल्या माणसाची ती नळी पुन्हा निघेल याची खात्री नाही.

मास्क बांधला. पद्माबाई जाग्या झाल्या त्या त्याच्या आत. नाक-तोंड रबरानं दाबलेलं, पट्टे डोक्यामागं आवळलेले, आणि मशीन तोंडात हवा कोंबतंय. बाहेर सोडायला जावं तर पुढची हवा आलीच. त्यांनी दोन्ही हातांनी मास्क उपटला. नर्सनं पुन्हा बसवला. त्यांनी पुन्हा उपटला. "हात बांधावे लागतील," नर्स म्हणाली.

"बांधू नका," राणी म्हणाली. ती खाटेवर चढून सासूसमोर बसली. "आत्याबाई, माझ्याकडं बगा. कोंडल्यावानी होतंय ना? मला ठावं हाय. मशीनशी भांडू नका. ते देतंय तवा घ्या. थांबलं की सोडा. घेण्यापेक्षा सोडण्याकडं ध्यान द्या. आतलं भाईर काढायचंय आपल्याला. सोडा... सोडा... अजून."

ती स्वतः ओठांचा चंबू करून फुंकर घालत राहिली. पद्माबाईंनी तिच्या ओठांवर नजर लावली. पहिली काही मिनिटं जीव जातोय असंच वाटत होतं. त्यांनी राणीच्या दंडात नखं रुतवली होती. घ्या, सोडा. मास्कच्या कडेनं हवा डोळ्यांत जात होती, पाणी येत होतं. घ्या, सोडा. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलतच नव्हता.

दोन तासांनी सुई. पट्टीवर एक्क्याऐंशी. डॉक्टरांनी नुसती होकारार्थी मान हलवली आणि मास्क तसाच ठेवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी एकाहत्तर. चौथ्या दिवशी एकोणसाठ. पद्माबाईंच्या नाकाच्या दांड्यावर मास्कनं जखम केली होती. राणीच्या दंडावर चार काळेनिळे चंद्र उमटले होते.

त्या चार दिवसांत गुरुजी व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. आत येत, पायथ्याशी उभे राहत आणि परत जात. चौथ्या दिवशी पद्माबाईंनी त्यांना खुणेनं जवळ बोलावलं.

"मी बोट दाखवलं ते कमी करा म्हणून."

गुरुजी खाटेची कड धरून उभे होते. "मला वाटलं—"

"तुमाला वाटतच आलं." त्या थांबल्या, दोन श्वास घेतले. गुरुजींनी मधे काही घातलं नाही. "अडतीस वर्सं. मला काय पायजे, ते तुमाला वाटतंय. मी आत होते. समदं ऐकू येत होतं मला. ओठ लाल हायेत म्हणलात, ते बी."

गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले, बराच वेळ.

पद्माबाई घरी आल्या. त्यानंतर त्या अडीच वर्षं जगल्या. मधे दोनदा नांदेडला जाऊन आल्या. एकदा बासष्ट, एकदा सत्तर. आजार उलटायचा नव्हता, हे त्यांना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. खाट तीच, नळी तेवढीच. गोळीची चावी मात्र आता त्यांच्या हाताशी होती. सिलिंडर खाटेच्या त्यांच्या बाजूला आणून ठेवला होता आणि गुरुजी त्याला हात लावायला भ्यायचे.

त्यातला एक दिवस त्यांना फार जड गेला. ऐन दुपारची वेळ, राणी दळण घेऊन गिरणीत गेलेली. कशानं कोण जाणे, उबळ आली आणि दम उसळला. उठून बसल्या. हवा पुरेना. घर अंगावर आल्यासारखं झालं. नजर काचेच्या नळीवर गेली, गोळी एकवर. हात आपोआप चावीवर पडला.

तीनवर नेली तर आत्ता, या घटकेला बरं वाटेल. ते किती बरं वाटतं, हे त्यांच्या अंगाला माहीत होतं. त्यानंतर काय होतं तेही माहीत होतं. समजलं नसतं तर सोपं गेलं असतं. चावीवरची बोटं घामानं ओली झाली.

गुरुजी दारातून हे बघत होते. ते आत आले. त्यांचा हात अर्धवट उचलला गेला आणि तसाच राहिला.

"काय करू?" त्यांनी विचारलं.

पद्माबाईंना बोलायला तीन श्वास लागले. गुरुजी थांबले.

"बसा," त्या म्हणाल्या.

गुरुजी खाटेला लागून, जमिनीवर मांडी घालून बसले. पद्माबाईंनी हात चावीवरून काढून त्यांच्या खांद्यावर रोवला, सगळा भार टाकून. ओठांचा चंबू केला आणि सोडायला सुरुवात केली. एक. घेतला, सोडला. दुसरा. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. गुरुजी समोर भिंतीकडं बघत बसले होते. मधे दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

दम खाली बसायला अर्धा तास लागला. तोवर गुरुजींच्या पायांना मुंग्या येऊन पाय बधिर झाले होते, पण ते हलले नव्हते.